कोपरापासून मनगटापर्यंत

कास्त्रोच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
जो उभा राहू शकत नाही त्याची उंची मी काढते.
डावा हात छातीवर आडवा,
कोपराच्या टोकापासून मनगटाच्या उंचवट्यापर्यंत टेप,
मग भिंतीवरच्या तक्त्यात बोट सरकवायचं.
बस. माणूस उभा करावा लागत नाही.

एरास्मो कोलिवोरो, वय ब्याऐंशी, धंदा नावा बांधणे.
उजवी बाजू गेलेली, वाचाही.
नळीतून किती अन्न सोडायचं
ते उंचीशिवाय ठरेना.
मुलगी म्हणाली, एकशे अठ्ठ्याहत्तर.
लष्कराच्या जुन्या पुस्तिकेत एकशे चौऱ्याहत्तर.
शेजारच्या खाटेवरचा म्हणाला,
मी तर यांना आडवंच पाहिलंय.

टेप निघाला सत्तावीसवर.
तक्त्यात दोन रकाने: पासष्टच्या आत, पासष्टच्या पुढे.
बोट चुकून आतल्या रकान्यात गेलं,
एकशे शहात्तर.
मग सरकवून पुढच्यात आणलं,
एकशे एकाहत्तर.
त्या दोन रकान्यांमध्ये
पेन्सिलीने ओढलेली एक बारीक रेघ आहे फक्त.

तो माझ्या टेपकडे पाहत होता,
एखाद्या सुताराने दुसऱ्याच्या करवतीकडे पाहावं तसा.
मग डाव्या हाताची वीत ताणून
खाटेचा कठडा मोजू लागला,
अंगठा, करंगळी, अंगठा, करंगळी.
नऊ विती, तीन बोटं.
एदुविना हसली, म्हणाली, घरात टेप कधी नव्हताच.
नावेच्या दोन फासळ्यांत एक हात,
वल्ह्याला दीड पुरुष,
आणि पुरुष म्हणजे हाच, दुसरा कुणी नाही.
त्यांनी बांधलेल्या नावेत दुसऱ्याचं वल्हं नीट बसत नाही.

शनिवारी मी फेरीने किंचाओला गेले.
टेप बरोबर घेतला होता, कशाला ते विचारू नका.
ओहोटी होती,
गोट्यांवर कुशीवर पडलेल्या त्याच्या दोन नावा:
एक पस्तिसाव्या वर्षीची,
एक अठ्ठ्याहत्तराव्या.
वाकून फासळ्या मोजल्या.
पहिलीत सत्तेचाळीस सेंटिमीटर.
दुसरीतही सत्तेचाळीस.
मधल्या त्रेचाळीस वर्षांत
पाठीचा कणा मणक्यामणक्याने खचला असणार,
मान पुढे आली असणार,
हाताचं हाड मात्र
कुणाला काही न सांगता तेवढंच राहिलं.

केबिनचं दार दोन्हींत सारखंच,
एक पुरुष आणि वर चार बोटं.
एदुविना म्हणाली, दुसऱ्या नावेच्या वेळी
बाबांच्या डोक्यावर वीतभर जागा उरायला लागली.
दार खाली घ्या, लाकूड वाचेल, असं भाऊ म्हणाला.
त्यांनी घेतलं नाही.
म्हणाले, माप बरोबर आहे.

बोटीवरून परतताना गार वाऱ्यात
मी स्वतःचा कोपर चाचपत बसले.
आई गेली तेव्हा तिची उंची
कुणीच लिहून ठेवली नव्हती.
तिचा एक कोट आहे माझ्याकडे,
त्याच्या बाह्या मला आखूड होतात.

सोमवारी फॉर्मवर मी एकशे एकाहत्तर लिहिलं.
तेच बरोबर होतं,
अन्न या खाटेवरच्या देहाला द्यायचं होतं,
ताशी साठ मिलिलिटर.
पिशवी टांगली, नळी जोडली, चिमटा सैल केला,
आणि वळणार तेवढ्यात
त्याने माझा हात धरला.
बाही मागे सारली.
कोपरावर अंगठा टेकवला, वीत उघडली,
मग हात सरकवून दोन बोटं.
एक वीत, दोन बोटं.
डोळे मिटून थोडा वेळ काहीतरी जुळवलं,
मग नजर वॉर्डाच्या दारावर नेली,
चौकटीच्या वरच्या पट्टीवर थांबवली,
माझ्याकडे पाहून मान हलवली:

जा. वाकावं लागणार नाही.